हवेचा काटा चढल्याशिवाय भरली गाडी हलवू नये



बेणे, लागण, खोडवा सोडून ऊस विकास खात्याने ट्रकच्या ब्रेकवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण फडातून गाडी लवकर काढा, ही घाई बहुधा आपल्याच तोंडची असते. म्हणून हा विषय सभासदांचाही आहे, असे आम्हांस वाटते.

ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो व तिचा दाब ड्रायव्हरसमोरच्या घड्याळात दिसतो. पुष्कळ गाड्यांत दोन काटे असतात, कारण ब्रेकच्या हवेचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. साधारणपणे काटा चौरस सेंटिमीटरला ६ ते ८ किलोच्या आसपास असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. काटा लाल पट्ट्यात असला किंवा इशाऱ्याचा दिवा लागला, तर गाडी जागची हलवू नये.

रात्रभर उभ्या गाडीची हवा उतरते. इंजिन चालू करून काटा चढेपर्यंत थांबलेच पाहिजे. चाकांना दगड लावून, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा. काटा उतरतच राहिला तर हवा कुठेतरी गळते आहे. टाकीत साठलेले पाणीही नेमाने काढावे.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणे हा तर जिवाशी खेळ. इंजिन मंदावले की कॉम्प्रेसरही मंदावतो, आणि वारंवार ब्रेक मारून आहे ती हवा संपते. उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा.

मात्र काटा फक्त हवा सांगतो. लायनर झिजले, ड्रम तापले, हे तो सांगत नाही. काटा पूर्ण आहे म्हणून चार मोळ्या जास्त चढवा, हा हिशेब चुकीचा आहे.

घड्याळ बंद असलेल्या गाडीस खेपच देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, ही सभासदांची काळजी रास्त आहे. पण पाच मिनिटांत असे किती घटणार? गाडी निघताना एवढेच विचारा, "काटा चढला का, भाऊ?" नाही म्हणाला, तर थांबू द्या त्याला. त्याच रस्त्याने आपली पोरे शाळेला जातात.