सारागढी : शौर्य कोणाचे, युद्ध कोणाचे?

१२ सप्टेंबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवर, समाना डोंगररांगेतील सारागढीच्या चौकीत छत्तिसाव्या शीख पलटणीचे हवालदार ईशरसिंग व त्यांचे २० सहकारी अखेरपर्यंत लढून पडले. त्यांच्या स्मरणार्थ अमृतसर व फिरोजपूर येथे गुरुद्वारे उभे राहिले. फिरोजपूरच्या गुरुद्वाऱ्याचे उद्घाटन १९०४ साली झाले, तेही पंजाबच्या इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नरच्या हस्ते!

या शिपायांच्या शौर्याविषयी वाद असूच शकत नाही. परंतु ते युद्ध पंजाबच्या शेतकऱ्याचे होते काय? साम्राज्यशाहीने पठाणांच्या मुलखात ठाणी बसवली, १८९३ मध्ये ड्युरँड रेषेचा करार लादला. त्याविरुद्ध ओरकझाई व आफ्रिदी उठले. एका गुलामाच्या हातून दुसऱ्याला नमवण्याचा तो जुनाच डाव होता. प्राण देणाऱ्या हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉसचा अधिकारही १९११ पर्यंत नव्हता. आणि १९१९ साली त्याच अमृतसरात, जालियनवाला बागेत, साम्राज्याने आपली कृतज्ञता गोळ्यांनी व्यक्त केली!

आज या लढाईला शीख विरुद्ध मुसलमान असा धर्मयुद्धाचा रंग देणारे लोक गोऱ्या राज्यकर्त्यांचेच अपुरे काम पुरे करीत आहेत. त्या शिपायांपुढे माथा जरूर टेकावा. त्यांना मरणाच्या दारी उभे करणाऱ्या सत्तेचा जयजयकार मात्र करू नये.