घडीच्या चाकूला घरीच धार

रेल्वेच्या प्रवासात पेरू कापायचा असतो, पार्सलची सुतळी तोडायची असते, मुलांच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठा कापायचा असतो. अशा वेळी घडीचा छोटा चाकू आठवतो. बहुतेक घरांत तो असतोही, पण त्याने पेरू कापला जात नाही, नुसता चेंगरतो.

बोथट चाकूने काही होत नाही, असे समजून तो मुलांच्या हाती बिनधास्त देणारे पालक पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. धार नसली की आपण जोर लावतो, पाते सालीवरून निसटते आणि ज्या हाताने फळ धरले आहे त्यालाच लागते. घडीच्या चाकूत आणखी एक धोका आहे. बऱ्याच साध्या चाकूंना पाते अडकवणारा खटका नसतो, ते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते. कापताना टोक रुतले किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला की ते बोटांवरच मिटते. म्हणून धार लावायला बसण्यापूर्वी पाते सैल तर झाले नाही ना, हे पाहा.

चाकू ओढला की धार लागते अशी छोटी साधने बाजारात मिळतात. घाईच्या वेळी ती ठीक, पण त्यांनी धातू ओरबाडल्यासारखा निघतो आणि चांगल्या चाकूचे आयुष्य कमी होते. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड आणा. एक बाजू खरखरीत असते, दुसरी बारीक. दगड दहा मिनिटे पाण्यात बुडवा आणि ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. पाणी वापरत असाल तर त्याच दगडावर पुन्हा तेल घालू नका. तेलाने भरलेला दगड पाणी धरत नाही.

आता महत्त्वाचे म्हणजे कोन. सर्वसाधारण चाकूला प्रत्येक बाजूने सुमारे 20 अंशांचा कोन चालतो. तो मोजायचा कसा? कागदाच्या काटकोनी कोपऱ्याची दुहेरी घडी घाला. 90चे 45 आणि 45चे साडेबावीस अंश होतात. घडी दगडावर टेकवा आणि पाते तिच्यापेक्षा किंचित खाली धरा. पाते 15 मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण 5 मिलिमीटर वर राहील. धारेच्या कडेला मार्कर पेनची शाई लावून दोन-तीन वेळा घासून पाहा. शाई अगदी कडेची निघाली तर कोन जमला. ती कडेला तशीच राहून वरची निघाली तर पाठ थोडी उचला.

दगडाचा पातळ पापुद्रा काढतो आहोत, अशा बेताने पाते धारेच्या दिशेने पुढे न्या, मुठीकडून टोकापर्यंत. टोकाची गोलाई आली की मूठ जराशी उचला. जोर नको, कोन ढळू देऊ नका.

किती वेळा घासायचे, हा सगळ्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर आकड्यात नाही, बोटात आहे. एक बाजू पुरेशी घासली गेली की धातूची अगदी बारीक, खरखरीत कड पलीकडच्या बाजूला वळते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेबाहेर हलकेच सरकवला की ती जाणवते. धारेच्या लांबीवरून बोट मात्र कधीही फिरवू नये. मुठीपासून टोकापर्यंत कड लागली की मगच पाते उलटा. बहुतेकांची धार बिघडते ती इथेच. कड येण्याआधीच बाजू बदलली जाते आणि अर्धा तास घासूनही चाकू होता तसाच राहतो. दुसऱ्या बाजूनेही कड आली की दगडाची बारीक बाजू घ्या आणि आलटून पालटून, हलक्या हाताने ती कड काढून टाका.

न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत असे, ते उगाच नव्हे. उरलीसुरली कड त्याने निघते. जुना चामडी पट्टा फळीवर ठोकून घ्या आणि पाते त्यावर पाठीच्या दिशेने ओढा. पुढे नेलेत तर पट्टाच कापला जाईल.

वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापून पाहा. तो न अडकता कापला गेला तर काम झाले. अडकला तर पाते दिव्याखाली धरा. जिथे धार चकाकते तिथे ती अजून बोथट आहे.

दातेरी पाते या दगडावर घासू नये. विळी आणि कोयता खुशाल धारवाल्याकडे द्या, त्यांना त्याचे चाक सोसते. छोट्या चाकूचे पातळ पाते मात्र कोरड्या चाकावर चटकन तापते. त्याच्या कडेला निळसर झाक आली तर पोलादाचे पाणी गेले असे समजा, मग धार टिकत नाही.

शेवटी चाकू धुऊन, सांध्यातली भुकटी काढून पूर्ण वाळवा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि जास्तीचे पुसून घ्या. मिटताना बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नका. आता तो पूर्वीचा चाकू राहिलेला नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.