नावे नोंदवणारे दुकान

हिऱ्यांच्या व्यापारामुळे बेल्जियममधील अँटवर्प हे शहर अनेक जैन कुटुंबांच्या नित्य बोलण्यातले झाले आहे. कोणाचे काका तेथे स्थायिक झालेले असतात, कोणाचा भाचा तेथील पेढीवर पारख शिकत असतो. त्यांच्याकडे गेलेल्या पाहुण्याला एखादा मोकळा दिवस मिळाला की तो आगगाडीने शेजारच्या नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमला जाऊन येतो. कालवे पाहतो, होडीतून फेरी मारतो, संग्रहालयाच्या रांगेत उभा राहतो. याच शहरात न्यूमार्क्ट या जुन्या बाजारचौकाजवळ, कोनिंगस्ट्राट नावाच्या रस्त्यावर, चित्रकथांचे एक दुकान आहे. त्याचे नाव ‘लांबीक’. व्यापारी घरातील माणसाने मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहावे, असे त्यात काय आहे? याचे उत्तर केवळ फळ्यांवर मांडलेल्या पुस्तकांत सापडत नाही.

केस कौसेमाकर या तरुणाने ८ नोव्हेंबर १९६८ रोजी हे दुकान उघडले, तेव्हा ते शहराच्या दुसऱ्या भागात, केर्कस्ट्राट या रस्त्यावर होते. केवळ चित्रकथा विकून दुकान चालेल, ही कल्पनाच त्या काळी युरोपात नवी होती. आज चालू असलेल्या अशा दुकानांत ‘लांबीक’ हे जगातील सर्वांत जुने मानले जाते. दुकानाचे नाव अँटवर्पचे चित्रकार विली वांदरस्टीन यांच्या ‘सुस्के आणि विस्के’ या लोकप्रिय मालिकेतील एका पात्रावरून घेतलेले आहे. हा लांबिक फुशारक्या मारणारा, पण मनाने चांगला, टकलावर मोजके केस उरलेला गृहस्थ. पात्राच्या आणि दुकानाच्या नावात एका अक्षराचा फरक आहे, एवढेच.

त्या काळात चित्रकथेला प्रतिष्ठा नव्हती. १९४८ साली नेदरलँड्सच्या शिक्षणमंत्र्यांनी शाळांना परिपत्रक पाठवून स्वस्त चित्र-कादंबऱ्यांपासून मुलांना दूर ठेवण्यास सांगितले होते. चित्राखाली सविस्तर मजकूर छापलेल्या वृत्तपत्रीय मालिका तेवढ्या सभ्य समजल्या जात. मार्तेन तोन्देर यांच्या ‘टॉम पूस’चा मान त्यामुळेच टिकला. पात्रांच्या तोंडून फुग्यांत शब्द निघाले की मात्र ते वाचन हलके ठरे. अभ्यासाच्या पुस्तकात दडवलेला ‘वेताळ’चा अंक वडिलांच्या हाती लागल्यावर महाराष्ट्रातील घरांत जे घडत असे, त्याहून हे फार वेगळे नव्हते. ज्या मालाला समाज रद्दी म्हणत होता, तो कौसेमाकर यांनी स्वच्छ फळ्यांवर, विषयवार आणि चित्रकारवार लावला. मालाला मान देण्याची पहिली पायरी दुकानदाराच्या मांडणीत असते, हे कोणत्याही जुन्या पेढीवरील माणसाला सांगावे लागत नाही.

पुढे १९८६ पासून पुस्तकांच्या जोडीला मूळ चित्रांचे दालनही सुरू झाले. छापील पुस्तकाच्या हजारो प्रती निघतात, मूळ पान मात्र एकच असते. ते बहुधा छापील पानापेक्षा मोठ्या आकाराच्या जाड कागदावर काढलेले असते. जवळून पाहिले की छपाईत न उमटणाऱ्या फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा दिसतात, चुकलेल्या ठिकाणी फासलेला पांढरा रंग दिसतो, कोठे कागदाचा तुकडा चिकटवून बदललेले संवाद दिसतात. छापील पानावर जे सहज वाटते, त्यामागे किती खाडाखोड असते, हे तेथे उघड होते. येथेच व्यापाराचा एक जुना प्रश्नही उभा राहतो: हे पान नेमके कोणी काढले? हिऱ्याची किंमत जशी पारखीवर ठरते, तशी मूळ पानाची किंमत चित्रकाराच्या नावावर ठरते, आणि चित्रकथांच्या धंद्यात नेमके ते नावच अनेकदा गाळलेले असते.

वांदरस्टीन यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या चित्रशाळेत अनेक सहायक काम करीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘सुस्के आणि विस्के’ची मुख्य जबाबदारी पॉल गेर्त्स यांच्याकडे गेली, तरी मुखपृष्ठावर नाव झळकत राहिले ते वांदरस्टीन यांचेच. अमेरिकेतील कार्ल बार्क्स यांची कथा याहून बोलकी आहे. अंकल स्क्रूज या अतिश्रीमंत आणि अतिकंजूष बदकाला त्यांनी १९४७ साली जन्म दिला. डिस्नीच्या बदकांच्या कथा ते दोन दशकांहून अधिक काळ काढीत होते. पण त्या अंकांवर चित्रकाराचे नाव छापण्याची पद्धत नव्हती. चोखंदळ वाचकांनी केवळ रेषेवरून त्यांना ओळखले आणि ‘बदकांचा चांगला चित्रकार’ एवढेच नाव दिले. त्यांचे खरे नाव वाचकांपर्यंत पोहोचले ते १९६० च्या सुमारास. तोवर त्यांचे काम जगभरच्या मुलांच्या घरी पोहोचले होते. जमेच्या बाजूला लाखो वाचक, आणि ज्याचे देणे लागते त्याचे खातेच उघडलेले नाही, अशी ती वही होती.

कौसेमाकर यांनी अशी खाती उघडण्याचे काम अंगावर घेतले. १९७० साली त्यांचे चित्रकथांविषयीचे पहिले पुस्तक निघाले. १९७९ साली पत्नी एवेलीन यांच्या सोबतीने त्यांनी नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या डच भाषक प्रदेशातील चित्रकथांचा कोश सिद्ध केला. संगणकाचे युग आल्यावर १९९९ साली दुकानानेच चित्रकथाकारांचा एक जागतिक ज्ञानकोश सुरू केला. आज त्यात १४ हजारांहून अधिक चित्रकारांच्या नोंदी आहेत: कोण, कोठला, कोणाकडे शिकला, कोणत्या मालिकेत कोणाच्या नावामागे राबला. हा कोश कोणालाही, कोठूनही, एक पैसा न देता वाचता येतो.

येथे व्यापारी मनात शंका येणे स्वाभाविक आहे. मालाविषयीची माहिती हेच तर दुकानदाराचे भांडवल; ते फुकट वाटून टाकण्यात कोणते शहाणपण? पण हिशेब थोडा लांबवर मांडला की चित्र बदलते. ज्या चित्रकाराचे नाव कोणाला ठाऊक नाही, त्याचे पुस्तक कोणी मागत नाही. नोंद वाचणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक होत नाही हे खरे. परंतु नोंदीमुळे त्या चित्रकाराची बाजारातील पत वाढते, आणि साऱ्या कलेची पत वाढली की दुकानाचीही वाढते. शिवाय ज्याच्या कामावर आपला गल्ला भरतो त्याचे नाव लिहून ठेवणे, यात नफ्यापलीकडचीही एक गोष्ट आहे. तिला सचोटी म्हणतात.

दुकानाच्या आजच्या शेजाराकडे पाहिले म्हणजे हा विचार अधिक स्पष्ट होतो. २०१० साली कौसेमाकर यांचे निधन झाले. आता दुकान त्यांचा मुलगा बोरिस पाहतो. २०१५ च्या नोव्हेंबरात, तब्बल ४७ वर्षांनंतर, ‘लांबीक’ने केर्कस्ट्राट सोडून कोनिंगस्ट्राट गाठला. जागा बदलली की जुने दुकान संपले, अशी धास्ती सर्वच पेढ्यांना असते. येथे तसे झाले नाही, कारण दुकानाची ओळख भिंतींत नव्हती, नोंदींत होती.

न्यूमार्क्ट चौकाच्या मध्यभागी ‘वाख’ ही बुरुजांची भव्य इमारत उभी आहे. मुळात ती शहराची वेस. तिच्या बांधकामाशी १४८८ हे साल जोडलेले आहे. शहर वाढून वेशीचे काम संपल्यावर १६१७ साली तेथे माल तोलण्याची सार्वजनिक जागा झाली. खाली बाजारातला माल सरकारी तराजूत तोलला जाई आणि वरच्या दालनांत कारागिरांच्या संघांच्या बैठका होत. शल्यवैद्य, गवंडी, लोहार यांच्याबरोबर चित्रकारांचा संघही तेथेच होता. तराजू आणि कुंचला एका छताखाली नांदावेत, यात त्या शहराला काही विपरीत वाटले नाही.

चौकापासून थोड्याच अंतरावर रेम्ब्रांट या थोर चित्रकाराचे घर आहे. ते त्याने १६३९ साली १३ हजार गिल्डरांना घेतले. पण खर्च आवाक्याबाहेर गेला आणि १६५६ साली दिवाळखोरी ओढवली. त्या वेळी त्याच्या चीजवस्तूंची जी सरकारी यादी झाली, तिच्यात ३६३ नोंदी होत्या. घर गेले, संग्रह विकला गेला, यादी उरली. आज संग्रहालय झालेल्या त्या घराच्या खोल्या पुन्हा सजवताना त्याच यादीचा आधार घेतला गेला. याच रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून रेखाटने केली आणि त्यांतील सुमारे २३ आज उपलब्ध आहेत. शाहजहानाची आकृतीही त्यांत आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी याच परिसरात होती, तिच्या वखारी सुरतेला आणि कोकणात वेंगुर्ल्याला होत्या, आणि हिंदुस्थानचा माल या कालव्यांवर उतरत होता. रेखाटने रेम्ब्रांटची म्हणून जगाला ठाऊक झाली. ज्यांच्या चित्रांवरून ती केली, त्या हिंदुस्थानी चित्रकारांची नावे त्या कागदांवर नाहीत.

हे वाचून दूरदेशीच्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही. ‘लांबीक’ उघडण्याच्या एक वर्ष आधी, १९६७ साली, मुंबईत अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. व्यापारी घरांतील किती पिढ्या त्या पुस्तकांवर वाढल्या! त्यांतील राजे, ऋषी आणि सेनापती ज्यांच्या रेषांनी मनात कायमचे बसले, ते राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम किती घरांत नावाने ओळखले जातात? संपादकाचे नाव लक्षात राहिले; चित्र काढणारा हात विस्मरणात गेला.

आणि गोष्ट केवळ पुस्तकांची नाही. साडी, दागिना, तांब्या-पितळेची भांडी, लाकडी कोरीवकाम यांचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांच्या जुन्या वह्यांत माल, भाव, वजन, तारीख, उधारी सारे चोख सापडते. पैठणी विणणाऱ्याला किती मजुरी दिली, हेही सापडेल. ती कोणी विणली, कोणती वेलबुट्टी कोणत्या घराण्याची, हे मात्र आजोबांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबरच जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे पेढीवर येऊन बसतात, तेव्हा त्यांच्या हाती एक कोरी वही देता येईल. आजोबांनी सांगावे, मुलांनी लिहावे: कोणता नग, कोणत्या गावचा, कोणाच्या हातचा. पहिल्या पानावर दहा नावे झाली तरी पुरे. त्या दहा जणांपैकी काही अजून हयात असतील, आणि आपले नाव वहीत आहे हे त्यांच्या कानावर घालता येईल.