तिरीची जोडी

दिवाळीच्या पाडव्याला जुन्या पोथ्यांत आणखी एक नाव आहे: द्यूतप्रतिपदा. या दिवशी खुद्द शंकर-पार्वतीसुद्धा फासे घेऊन बसले होते म्हणतात. म्हणून दिवाळीच्या अंकात पत्त्यांविषयी चार शब्द लिहिले, तर वाचकांनी भुवया उंचावू नयेत. शिवाय आम्ही जो डाव खेळलो त्यात पैसा नव्हता, चिंचोके होते. पणाला जे लागले होते ते चिंचोके नव्हते, ही गोष्ट वेगळी. ते पुढे येईलच.

मागे एका दिवाळीला आम्ही उभयता कॅनडात, एडमंटन येथे लेकीकडे होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, खिडकीत आकाशकंदील. दोन मराठी जोडपी फराळाला आली होती. मी रमीची सूचना केली. जावईबापू म्हणाले, "बाबा, या गावात राहून पोकर खेळला नाहीत तर लोक काय म्हणतील?" आमच्या सौभाग्यवतींनी पुण्याहून लोणच्याच्या बरण्यांबरोबर चिंचोक्यांची एक पिशवी आणलीच होती. प्रत्येकाला चाळीस चिंचोके मिळाले आणि आम्ही आठजण सतरंजीवर बसलो.

खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग सगळ्यांच्या मालकीची पाच पाने मध्ये उघडी पडतात: आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतून ज्याची पाच पाने सरस तो डाव उचलतो. पाने पडण्याआधी एकदा आणि प्रत्येक वेळी पडल्यावर एकदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. आमच्या प्रकारात बोलीचा आकडा बांधलेला असतो. पहिल्या दोन फेऱ्यांत दहा, तर पुढच्या दोन फेऱ्यांत वीस. त्याहून एक चिंचोका अधिक नाही. सिनेमात नायक सगळी रास पुढे ढकलतो आणि खलनायकाला घाम फुटतो, तसले काही इथे चालत नाही. आमच्यासारख्या पगारदार माणसांना हाच प्रकार शोभतो. शिवाय स्पर्धा असल्यामुळे अर्ध्या अर्ध्या तासाने हा आकडा वाढतो. म्हणजे नुसते गप्प बसून राहिले तरी चिंचोके झिजतातच.

आता माझा स्वभाव सांगतो. मी जन्मभर पाने टाकणारा माणूस. एक्का-राजा आला तर खेळावे, नाहीतर ठेवून द्यावी पाने, हे माझे धोरण. दुरीची, तिरीची, चौकीची जोडी आली की मी ती मुकाट्याने टाकत असे. आठजणांत ते बरोबरच होते. एवढ्या लोकांत कोणाकडे ना कोणाकडे मोठी जोडी जमणारच. तिथे तिरीच्या जोडीला भाव येतो तो तिसरी तिरी पडली तर, आणि पहिल्या तीन पानांत ती पडण्याचा योग साधारण साडेआठ वेळांत एकदा. टाकता टाकता मी तगलो, बाकीचे एकेक करून गारद झाले, आणि रात्री अकराला सतरंजीवर दोघेच उरलो. मी आणि आमची सौ.!

इथे घोटाळा झाला. त्याच आठवड्यात आमचा एक वाद चालला होता. लेकीला तिसरा महिना होता. तिला वाटत होते की आईने बाळंतपणापर्यंत राहावे. सौ. तयारच होती. माझे मात्र परतीचे तिकीट कार्तिकात होते. माझे वाचनालय, माझी सकाळची मंडळी, माझा गुडघा आणि हा बर्फ... मी काही ठरवत नव्हतो. "बघू," म्हणत होतो. सौ. माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, असं करू. जो जिंकेल त्यानं तिकिटाचं ठरवायचं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही म्हणता आले नाही.

तिच्याकडे दीडशे चिंचोके होते, माझ्याकडे एकशेसत्तर. मी वाटले. उचलून पाहतो तो तिरीची जोडी!

सवयीने हात टाकायला गेला. पण मागे बसलेले जावईबापू खोकले. ते म्हणाले, "बाबा, आता दोघंच आहात." याचा अर्थ त्यांनी मला नंतर नीट समजावून सांगितला. समोर एकच माणूस असला, तर त्याची दोन पाने बहुतेक वेळा बिनजोडीचीच असतात. जोडी हातात येते ती सतरा वाटपांत एकदा. आणि बिनजोडीच्या पानांना पहिल्या तीन उघड्या पानांतून जोड मिळते तीही तीनांत एकदाच. म्हणजे तीनांतल्या दोन वेळा माझी गरीब तिरीच पुढे असते. कोणत्याही दोन पानांविरुद्ध दुरीची जोडी शंभरांत पन्नासाच्या किंचित वर जिंकते, तिरीची सुमारे चौपन्न, चौकीची सत्तावन्न, पंजीची साठ. वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजासमोरसुद्धा दुरी थोडी वरचढच ठरते.

मी वाढवले. तिने भरले. मधोमध चाळीस. राणी, नव्वी, पंजी पडली. ती गप्प, मी दहा लावले, तिने भरले. मग सत्ती. ती गप्प, मी वीस, तिने भरले. मधोमध शंभर. शेवटचे पान राजा. आणि आता ती आपणहून म्हणाली, "वीस."

चाळीस वर्षांच्या संसारात ती असे ठामपणे बोलली की मी खरे मानत आलो आहे. राजा तिच्याकडे असणार, नाहीतर राणी. मी तिरीची जोडी खाली ठेवली. तिने आपली पाने उलटी केली: एक्का आणि दश्शी. जोडीसुद्धा नव्हती!

"बाबा," जावईबापू हळूच म्हणाले, "एकशेवीस पडले होते आणि तुम्हांला वीस घालायचे होते. सातांत एकदा जरी तुमची जोडी पुढे निघाली असती, तरी ते वीस वसूल होते."

सौ. मात्र एवढेच म्हणाली, "हरलात तर हरलात हो. पण पान न बघताच कशाला हरता?"

हे वाक्य पत्त्यांविषयी होते की तिकिटाविषयी, की १९८० सालच्या आसपास आमच्या मालकाने खोली विकत घ्या म्हटले असता मी "बघू" म्हटले होते त्याविषयी, ते मी विचारले नाही.

मध्ये चहा झाला. तेवढ्यात जावईबापूंनी त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. याच गावातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी नेमका हाच, दोघांचा, बांधल्या बोलीचा पोकर गणकयंत्राला शिकवला. त्यांचा पोलॅरिस नावाचा आधीचा गडी २००७ साली व्हँकुव्हरला दोन धंदेवाईक खेळाडूंकडून हरला, आणि २००८ साली लास व्हेगासला जिंकला. मग २०१५च्या जानेवारीत 'सायन्स' नियतकालिकात निबंध आला: हा खेळ जवळजवळ सुटला. यंत्राचे नाव सेफियस. त्याने ४८०० प्रोसेसरांवर सुमारे ६८ दिवस स्वतःशीच खेळून आपल्या चुका मोजल्या, आणि जिथे जिथे पश्चात्ताप झाला तिथे पुढच्या वेळी चाल सुधारली. आता एखादा माणूस जन्मभर त्याच्याशी खेळला, तरी त्याच्यावर मात केली असे खात्रीने म्हणता येणार नाही.

"आणि बाबा, त्या निबंधात एक गंमत आहे," ते म्हणाले. "माणसं तिरी-चौकीची जोडी घेऊन जितकी उलट वाढवतात, त्याहून ते यंत्र पुष्कळ जास्त वेळा वाढवतं."

पश्चात्ताप मोजून शहाणे होणाऱ्या यंत्राविषयी मला आदर वाटला. माझे पश्चात्ताप मी नुसते जपून ठेवले आहेत.

बारा वाजायला आले. बोली वीस आणि चाळीसवर गेली होती. माझ्याकडे शंभर उरले. आता एक डाव शेवटपर्यंत नेला की सगळे संपणार. पण दुसऱ्या क्रमांकाचा चिवड्याचा डबा मला केव्हाच मिळालेला होता. उरले होते ते अनारसे आणि ते तिकीट. तिघेजण असताना जीव मुठीत धरून बसण्यात काही लाभ असतो, कारण तेवढ्यात दुसरा कोणी तरी बुडतो. दोघे उरल्यावर तो लाभ संपतो. माझ्यासाठी बुडायला आता दुसरे कोण होते?

तिने वाटले. मला दुरीची जोडी. कॅटातली सर्वांत गरीब जोडी. तिने चाळीस केले. मी साठ केले. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि भरले.

अठ्ठी, सत्ती, चौकी. मी वीस लावले. बांधल्या बोलीत समोरच्याला पळवून लावता येत नाही, पण पुढचे पान फुकट पाहू द्यायचे नाही एवढे करता येते. तिने भरले. चौथे पान आणखी एक अठ्ठी. मी शेवटचे वीस लावले. तिने भरले, आणि आम्ही दोघांनीही पाने उघडी केली. तिच्याकडे गुलाम-दश्शी. मी पुढे होतो! रंगाचा कोणाला उपयोग नव्हता. न दिसलेल्या चव्वेचाळीस पानांपैकी सोळा तिच्या बाजूची, अठ्ठावीस माझ्या.

शेवटचे पान सत्ती.

मला वाटले, सत्तीने माझे काय बिघडणार? पण आता मध्येच दोन जोड्या उघड्या होत्या, अठ्ठ्यांची आणि सत्त्यांची. माझ्या दुऱ्यांना त्या पाचांत जागाच उरली नाही. पाचवे पान तिचा गुलाम. माझ्याकडे मधली चौकी. ती जिंकली.

गंमत म्हणजे मला वाईट वाटले नाही. आधीच्या डावात मी जिंकत असताना हरलो होतो. या डावात बरोबर खेळून हरलो. रात्री झोपताना या दोहोंतला फरक चांगला कळतो.

कार्तिकातले तिकीट पुढे ढकलले. वैशाखात नातू झाला, त्यालाही पाहिले. मधल्या लांब रात्रींत लेक आणि जावई झोपल्यावर आम्ही दोघे पिशवी काढून बसत असू. तिची लबाडी मला अजून ओळखता येत नाही. पण वीस चिंचोके घालून तिची पाने पाहायला मी शिकलो आहे.

अनारसे तिने अर्धे मला दिले. चिवडा मात्र माझा एकट्याचा, असे मी म्हटले, तेव्हा ती म्हणाली, "बघू."