मोजमाप विक्रेत्याच्या हाती

जुन्या जीपगाड्यांची अश्वशक्ती हा शौकिनांचा विषय खरा, पण माप कोणाच्या अटींवर घेतले जाते हा प्रश्न आपलाही आहे. अमेरिकेत १९७१ सालापर्यंत ही शक्ती ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजीत. इंजिन चाचणीच्या घोडीवर चढवायचे, पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर यांचे ओझे उतरवायचे आणि येईल तो आकडा जाहिरातीत छापायचा. १९७२ साली, गाडीत असते त्या स्थितीतील ‘नेट’ मोजणी आली, आणि अमेरिकन मोटर्सच्या ३०४ घनइंची व्ही-८ इंजिनाचे २१० अश्व एकदम १५० झाले! त्याच वर्षी हे इंजिन जीप सीजे-५ मध्ये बसले.

नावांची तऱ्हा आणखी मौजेची. विलीसचे ‘हरिकेन’, म्हणजे झंझावात, ७५ अश्वशक्तीचे. तीही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. चिखलात रुतलेली जीप त्या गतीने कोण हाकतो? तेथे कामी येतो कमी फेऱ्यांवरचा पीळ, म्हणजे टॉर्क. तो या इंजिनात २००० फेऱ्यांवरच सर्वाधिक मिळे.

आकडे खोटे नव्हते, हीच यातील मेख. पाठ्यपुस्तकातील ग्राहक सर्वज्ञ असतो. दुकानातल्या ग्राहकाला मोजणीच्या अटी कोणी सांगत नाही. जाहिरातीतील प्रत्येक आकड्याशेजारी त्या छापण्याची सक्ती हवी, आणि प्रमाणे ठरविणाऱ्या समित्यांवर ग्राहकांचे व कामगारांचे प्रतिनिधी हक्काने बसले पाहिजेत.