नंबर बरोबर, चष्मा चूक

गेल्या महिन्यात शेवगावला आमच्या खालांकडे दोन दिवस मुक्काम पडला. कपाशीच्या हंगामात गल्लीतल्या बायका वेचणीला जातात, पण खालांचे घर तीस वर्षे शिलाई मशीनवर चालले. बुरखे, परकर, शाळेचे गणवेश. या वेळी मशीनवर चादर टाकलेली दिसली. विचारले तर म्हणाल्या, "डोळेच गेले बेटा. नवा चष्मा लावला की पाव तासात कपाळ ठणकतं, सुया दोन दिसतात." घरात मशीन विकायची बोलणी सुरू होती.

"आणि चष्मा काढल्यावर?" आम्ही विचारले. काढल्यावर अंधूक दिसते, पण सुई एकच. इथेच आम्हाला शंका आली.

डॉक्टरांचा कागद मागून घेतला. जवळचा नंबर दोन्ही डोळ्यांना +४.००, मोतीबिंदू नाही, पडदा ठीक. मग चष्मा कसा बनला ते कळले. भाचा नगरला निघाला होता, त्याच्या हाती कागद दिला. फ्रेम त्यानेच निवडली, हल्ली चालते तशी मोठी. चार दिवसांनी चष्मा डबीतून घरी आला. नंबर खालांचा होता, पण काच बसवणाऱ्याने खालांचा चेहरा पाहिलेलाच नव्हता. दोष एकट्या दुकानदाराला कसा द्यावा? आपल्यापैकी किती घरांत चष्मे असेच मागवले जातात!

चष्म्याच्या प्रत्येक काचेत एक मधला बिंदू असतो. त्यातून पाहिले तर प्रकाश सरळ येतो. त्या बिंदूच्या बाजूने पाहिले की तीच काच शाळेतल्या लोलकासारखी वागते आणि वस्तू सरकलेली दाखवते. किती सरकवते, याचा हिशेब न्यूयॉर्कच्या चार्ल्स प्रेंटिस या चष्मेकाराने १९व्या शतकाच्या अखेरीस मांडला. नजर मधल्या बिंदूपासून जितके सेंटिमीटर बाजूला, त्याला काचेच्या नंबराने गुणायचे. उत्तर एक आले तर एक मीटरवरची वस्तू एक सेंटिमीटर सरकलेली दिसते.

आता खालांचा चष्मा घ्या. फ्रेमच्या काडीवर आतून आकडे छापलेले असतात, त्यांच्या काडीवर ५० आणि १६ होते. ५० मिलिमीटर ही एका काचेची रुंदी, १६ ही नाकावरच्या पुलाची. बेरीज ६६. म्हणजे काचेचा मधला बिंदू फ्रेमच्या मधोमध बसवला, तर दोन बिंदूंत ६६ मिलिमीटर अंतर पडते. शेवगावातल्याच एका चष्मेवाल्याने खालांना समोर बसवून, जवळ पाहायला लावून, दोन बाहुल्यांतले अंतर मोजले. ते भरले ५६. प्रत्येक डोळ्यामागे अर्धा सेंटिमीटर चूक. अर्ध्याला चारने गुणले की दोन, दोन्ही डोळ्यांचे मिळून चार. एवढी सूट भरून काढायला डोळ्यांना नाकाकडे आणखी वळावे लागे, आणि शिवताना ते आधीच वळलेले असतात. थकले की सुया दोन.

नंबर अर्धा किंवा पाऊण असता तर हीच चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. नंबर जितका मोठा, तितकी मापाची चूक महाग.

आपला चष्मा घरी ढोबळ तपासता येतो. हात लांब करून चष्मा दाराच्या चौकटीसमोर धरा. काचेतून दिसणारी उभी कड आणि काचेबाहेरची कड जुळेपर्यंत तो आडवा सरकवा, जुळली की काचेवर स्केचपेनने खूण करा. दुसऱ्या काचेवरही तसेच. मग चष्मा लावून घरातल्या कुणाला तरी खुणा बाहुल्यांसमोर येतात का, ते पाहायला सांगा. वाचायचा चष्मा असेल तर त्या वेळी नजर हातातल्या पुस्तकावर ठेवा. तिरका नंबर असेल तर ही युक्ती फसते, ते काम दुकानातल्या यंत्राचे.

तिरक्या नंबराची आणखी एक खोड आहे. काच आपल्या ठरलेल्या कोनापासून १० अंश फिरली तरी सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो, ३० अंश फिरली तर उपयोग जवळजवळ संपतो. गोल फ्रेममध्ये स्क्रू सैल झाला की काच जागच्या जागी फिरते. वुजूनंतर ओढणीच्या टोकाने चष्मा खसाखसा पुसताना हे घडते आणि नंबर वाढला म्हणून लोक पुन्हा डॉक्टरकडे जातात.

अंतराचीही गोष्ट सांगायला हवी. हातातले पुस्तक ३३ सेंटिमीटरवर असेल, तर रेहलवरचे कुरआन शरीफ ५० सेंटिमीटरवर. या दोन अंतरांत पूर्ण एका नंबराचा फरक पडतो. मशीनच्या सुईचे अंतर तिसरेच. तपासणीच्या वेळी हे कुणी सांगत नाही, आणि न सांगता कळण्याचा उपाय नाही. आमचे म्हणणे, घरून दोरीने अंतर मोजून न्यावे. हसतील, हसू द्या.

दुभागी काचेची रेघ साधारण खालच्या पापणीच्या कडेला येते. वयस्क माणूस मशिदीच्या पायऱ्या उतरताना नेमका त्या खालच्या भागातून पाहतो, जो वाचायला बनवलेला असतो. पायरी अंधूक दिसते आणि पाय चुकतो. फिरणे जास्त असेल तर रेघ थोडी खाली बसवून घ्यावी.

जलशांत कधी कधी सांगतात की चष्मा इब्न अल-हैसम यांनी शोधला. तसे नाही. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने ११व्या शतकात 'किताब अल-मनाझिर'मध्ये वस्तूकडून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाने आपण पाहतो, हे प्रयोगांनिशी मांडले. चष्मे १३व्या शतकाच्या अखेरीस इटलीत आले. त्यांचे खरे काम पुरेसे मोठे आहे, त्याला उसनी जोड कशाला?

मुलांच्या बाबतीत दोनच गोष्टी. मोठ्या भावाचा चष्मा धाकट्याला देऊ नये, नंबर जुळला तरी बाहुल्यांचे अंतर जुळत नाही. आणि काच पॉलिकार्बोनेटची घ्यावी, चेंडू लागला तरी ती सहसा फुटत नाही. अचानक दोन दिसू लागले आणि चष्मा काढूनही तसेच राहिले, तर चष्मेवाल्याकडे नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

खालांना ४६-१६ची लहान फ्रेम मिळाली. चष्मेवाल्याने ती त्यांच्या नाकावर चढवून, काडी कानामागे वाकवून, दोन्ही बाहुल्यांसमोर ठिपके दिले आणि मग काच कापायला घेतली. भाच्याला ती फ्रेम जुनाट वाटते. परवा खालांचा फोन आला. मागे मशीनचा आवाज होता, आणि त्या विचारत होत्या की आमच्या मुलीचे माप कधी पाठवता.