हजाराच्या आतली खोली

शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या दर्शनाला आलेले कुटुंब पुढे औंढा नागनाथला जाते. वेळ असला तर नर्सी नामदेवही करते. मुक्कामाला त्यांना हवी असते एक स्वच्छ खोली, सकाळी बादलीभर गरम पाणी आणि दाराला धड कडी. भाडे हजाराच्या आत.

या हजाराचे काय झाले, ते बघण्यासारखे आहे. हॉटेलच्या खोलीवर सेवा कर आला 1 मे 2011 रोजी. हजारापेक्षा कमी भाड्याची खोली तेव्हा करातून वगळली होती. 2017 मध्ये जीएसटी आला, तरी ती सूट टिकली. जून 2022 मध्ये जीएसटी परिषदेची बैठक चंडीगडला झाली आणि सूट गेली. 18 जुलैपासून या खोलीवर 12 टक्के कर लागला.

आता वरचे टोक बघा. सर्वांत महाग खोल्यांवर 28 टक्के कर ठरला होता. त्याची मर्यादा आधी 5,000 रुपये होती. जीएसटी कायदा लागू होण्यापूर्वीच ती 7,500 झाली. मग सप्टेंबर 2019 मध्ये पणजीच्या बैठकीत 28 चे 18 झाले. म्हणजे साडेसात हजारांवरच्या खोलीचा कर दहा टक्क्यांनी उतरला आणि तीन वर्षांच्या आत हजाराखालच्या खोलीवर बारा टक्के चढला.

वरचा कर उतरावा म्हणून झटणाऱ्या हॉटेल संघटनांचा यात दोष नाही. त्यांनी आपले काम चोख केले. त्यांच्याकडे कार्यालये आहेत, करसल्लागार आहेत, मंत्र्यांची वेळ मिळते. परमिट रूमवाल्यांनी दारूवरच्या वाढलेल्या करांविरुद्ध 14 जुलै 2025 रोजी बंदही पाळला. यात्रेच्या गावातला आठ-दहा खोल्यांचा लॉजवाला बंद कुठे पाळणार? महाशिवरात्र आणि श्रावण, हाच त्याचा मुख्य हंगाम.

आवाज उठला की फरक पडतो, याचा दाखला अमृतसरचा आहे. 2022 च्या त्याच निर्णयानंतर तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या सरायांवर कर लागल्याची ओरड झाली. प्रश्न संसदेपर्यंत गेला. ऑगस्टच्या सुरुवातीलाच अर्थ मंत्रालयाने खुलासा केला: नोंदणीकृत धार्मिक न्यासाची खोली हजाराच्या आतली असेल, तर ती देवस्थानाच्या आवाराबाहेर असली तरी करमुक्त. देशभरच्या धर्मशाळांना त्याचा फायदा झाला.

पण तिथेही मर्यादा हजाराचीच, 2017 पासून तीच. आज न्हाणीघर आणि गिझरसह खोली बांधून तिचे भाडे बाराशे ठेवले, की न्यासाची सूट संपली. हजाराच्या आत राहायचे तर सोयी कमी ठेवायच्या. यात्रेकरूच्या सोयीसाठी दिलेली सवलत त्याची सोय वाढू देत नाही, हे कसे चालेल?

22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे. हा दिलासा खरा आहे. मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. रंग, गिझर, गाद्या यांवर भरलेले 18 टक्के लॉजवाल्याच्या अंगावरच राहतात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच नको, हे उत्तर ठरलेले. पण सहाशे रुपयांच्या दहा खोल्या वर्षभर भरल्या तर वीस लाख ओलांडतात. म्हणजे धंदा नीट चालला की सूट संपली. आणि मोबाइल ॲपवरून खोली गेली, तर लॉजवाल्याची नोंदणी नसली तरी कर लागतोच. तो ॲपवाली कंपनी भरते आणि अखेर गिऱ्हाइकाच्या बिलात येतो.

जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो. हजाराखालच्या खोलीचा कर पुन्हा शून्यावर आणा आणि न्यासांच्या खोल्यांची मर्यादा किमान दोन हजार करा, हे दोन मुद्दे राज्याच्या निवेदनात गेले पाहिजेत. ते घालायला लावणे हे हिंगोली जिल्ह्यातल्या आमदारांचे काम आहे आणि लोकसभेत विचारणे खासदारांचे. औंढ्याचा आणि शिरड शहापूरचा उल्लेख भाषणात तीर्थक्षेत्र म्हणून नेहमी होतो. येत्या अधिवेशनात तो या मागणीसाठी व्हावा.